लिमिटचा धडा आणि डेसमॉस: उद्यमनगरातनं एक रिव्ह्यू

घाईत असाल तर एवढंच वाचा. अकरावी सायन्सच्या पोराला किंवा पोरीला लिमिटचा धडा (एक्स एखाद्या आकड्याजवळ सरकताना फंक्शनची किंमत कुठं चाललीय ते बघायचं गणित) डोक्यात बसत नसेल, तर डेसमॉस हे ग्राफ काढायचं ॲप मोबाइलवर घ्या. फुकट आहे, मधे मधे जाहिराती येत नाहीत, आणि डावीकडनं येताना लेफ्ट हँड लिमिट वेगळी, उजवीकडनं येताना राइट हँड लिमिट वेगळी का काढायची, हे त्याच्यात बोटानं ओढून दिसतं. पाचात चार. कापलेल्या एका मार्काचा हिशोब खाली आहे, आणि मला विचाराल तर तोच भाग जास्त कामाचा आहे.

सांगणारा मी मास्तर नव्हे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जॉबवर्कचं छोटं शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल. शाफ्ट, बुश, पुली असली कामं. डिप्लोमा मेकॅनिकल केलाय, त्यामुळं कॅल्क्युलस एके काळी घोकलेलं आहे. बाकी आयुष्य मापाची हत्यारं हातात धरून गेलं. नवीन हत्यार आलं की मी आधी दोनच गोष्टी बघतो: लीस्ट काउंट किती (किती बारीक माप दाखवतं), आणि झिरो एरर आहे का (शून्यावर असतानाच चुकीचं दाखवतं का). हे ॲपही त्याच नजरेनं तपासलं.

पोरगी मराठी माध्यमातनं दहावी झाली आणि अकरावीला सगळं एकदम इंग्रजीत आलं. लिमिटचा धडा वर्गात होऊन गेला, वहीत गणितंही सुटलेली होती. तिची तक्रार वेगळीच. "पप्पा, फॅक्टर पाडलं, किंमत घातली, उत्तर आलं. मग तेच उत्तर डावीकडनं आणि उजवीकडनं दोनदा कशाला काढायचं? मी एकदाच काढतो की."

तक्रार चुकीची नाही. पुस्तकातल्या बहुतेक गणितांत दोन्ही बाजूंनी तेच येतं, त्यामुळं दोन बाजू ही मार्कांसाठी लिहायची एक जादाची ओळ वाटते. मी तिला शॉपवरचं उदाहरण दिलं. पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट करायचा तर बार घ्यायचा अठ्ठावीसचा. मटेरियल काढता येतं, परत लावता येत नाही. म्हणजे पंचवीसकडं तू कायम वरनंच येणार: २६, २५.३, २५.०५. आता पंचवीसचं बोअर कर. भोक लहानाचं मोठं होतं: २४, २४.७, २४.९५. इथं येणं खालनं. माप तेच, वाट उलटी.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण शेवटी दोन्हीकडनं पंचवीसच की!"

बरोबर. माझं उदाहरण तिथंच संपलं. एक्स कुठल्या बाजूनं येतोय एवढंच त्यात दिसतं. लिमिट विचारतं ते पुढचं: एक्स जवळ येत असताना फंक्शनची किंमत कुठं चाललीय? हे लेथवर दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं. ॲप उघडलं ते त्यासाठी.

पहिल्या ओळीत टाकलं: एफ(एक्स) = |एक्स − २| ÷ (एक्स − २). दुसऱ्या ओळीत एक बिंदू: (ए, एफ(ए)). हे टाकलं की ॲप आपणहून विचारतं, ए साठी स्लायडर देऊ का? द्यायचा. आता स्लायडर बोटानं ओढला की ग्राफवर ठिपका चालायला लागतो. हीच या ॲपची खरी करामत आहे. नुसता ग्राफ तर पुस्तकातही छापलेला असतो, पण पुस्तकातला ठिपका जागचा हलत नाही.

पोरीनं ए ओढत आणला. १.५ ला ठिपका उणे एकवर. १.८ ला उणे एक. १.९ ला उणे एक. २ वर गेली आणि ठिपका गायब. तिला वाटलं मोबाइल हँग झाला. २.१ केलं तर ठिपका थेट वर, अधिक एकवर. परत मागं, परत पुढं, बराच वेळ तेच चाललं होतं.

"म्हणजे डावीकडनं उणे एक, उजवीकडनं एक. मग लिमिट किती?"

"लिमिट नाही."

"नाही म्हणजे शून्य?"

या प्रश्नासाठी तरी ॲपचे पैसे वसूल, आणि ॲप फुकट आहे. बरीच पोरं इथंच अडकतात. उणे एक आणि एक यांची सरासरी शून्य, म्हणून लिमिट शून्य असं मनात कुठंतरी बसतं. मी काही बोललो नाही, फक्त म्हटलं, ठिपका शून्याच्या उंचीवर एकदा तरी आणून दाखव. तिनं प्रयत्न केला. ठिपका एक तर वर असतो, नाहीतर खाली. शून्याच्या जवळपासही फिरकत नाही. "मग नाहीच," ती म्हणाली, आणि वहीत 'लिमिट डज नॉट एक्झिस्ट' लिहिलं. या खेपेला पाठ केलेलं नव्हतं.

मग दुसरं गणित: (एक्स² − ४) ÷ (एक्स − २). इथं ग्राफ म्हणजे सरळ रेघ, अखंड. २ वर भोक असायला पाहिजे, ते पडद्यावर दिसतच नाही. गणिताच्या हिशोबानं भोक एकाच बिंदूएवढं, म्हणजे त्याला रुंदीच नाही. कुठलाही पडदा ते आपसूक कसं दाखवणार? रेघेवर बोट ठेवून २ पर्यंत सरकवत नेलं की पोकळ वर्तुळ येतं आणि किंमतीच्या जागी 'अनडिफाइन्ड'. टेबलमध्ये १.९ ला ३.९, १.९९ ला ३.९९, दुसऱ्या बाजूनं २.०१ ला ४.०१. दोन्हीकडनं चार, आणि खुद्द २ वर काहीच नाही. २ वर काय आहे याच्याशी लिमिटला देणंघेणं नाही, हे आता वेगळं समजवायची गरज उरली नाही.

इथं एक सूचना. दोन तुकड्यांचं फंक्शन टाकलं, म्हणजे महिरपी कंसात अट, कोलन, सूत्र, स्वल्पविराम असं करत, तर पुस्तकात असतात तशी भरीव आणि पोकळ टोकं आपोआप उमटत नाहीत. ती वेगळे बिंदू म्हणून आपण टाकायची आणि त्यातल्या एकाची स्टाइल पोकळ करायची. मला हे आवडलं. टोक भरीव कुठलं आणि पोकळ कुठलं, हे पोरीला स्वतः ठरवावं लागलं. '२ पेक्षा लहान' आणि '२ किंवा त्याहून मोठा' यातला फरक ती पहिल्यांदा डोळे उघडून वाचत होती.

आता लीस्ट काउंट.

कंटिन्युइटीच्या, म्हणजे ग्राफ न तुटता जोडलेला राहण्याच्या, प्रकरणात एक ठरलेला प्रश्न असतो: के ची किंमत काढा म्हणजे फंक्शन कंटिन्युअस होईल. उदाहरणार्थ एक्स २ पेक्षा लहान असताना के·एक्स + १, आणि २ पासून पुढं एक्स² + ३. डावी लिमिट २के + १, उजवी ७, म्हणून के = ३. ॲपमध्ये के चा स्लायडर घेतला की डावी रेघ दारासारखी वर-खाली होते आणि ३ वर टोकाला टोक बसतं. पोरगी खूश. म्हणाली, मग असली सगळी गणितं मी अशीच सोडवतो.

मी तिला दुसरं दिलं. ३ च्या आधी के·एक्स + १, ३ पासून पुढं एक्स² − १. तिनं स्लायडर ओढला, २.३ वर आणला आणि जाहीर केलं, जुळलं. दिसायला जुळलंच होतं. कागदावर मात्र डावी लिमिट ३के + १, उजवी ८, म्हणजे के = ७/३. २.३ वर डावं टोक ७.९ ला येतं. ०.१ ची फट आहे.

मग मी व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) काढला आणि मोबाइलच्या पडद्यावर लावला. हसा, पण मोजलं. पडदा साधारण ६५ मिलिमीटर रुंद, त्यात उणे दहा ते दहा असे २० एकक. म्हणजे ०.१ एकक पडद्यावर जेमतेम ०.३ मिलिमीटर. ग्राफची रेघच त्याहून जाड दिसते! रेघेच्या जाडीत फट लपली. झूम करत गेलं की फट उघडते, ते खरं. पण झूम कर म्हणून सांगणारा कुणीतरी शेजारी पाहिजे. आणि स्लायडर बोटानं ओढताना २.३ नंतर २.४ वर उडी मारतो. आकडा हातानं लिहून २.३३३३ दिला तरी ७/३ काही होत नाही.

याला मी ॲपचा दोष म्हणणार नाही. माझ्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरचा ०.०१. त्याच्या खालचं ते बोलत नाहीत आणि मी विचारतही नाही. ड्रॉइंगवर २५ एच७ बोअर लिहिलेलं असलं, तर २५.००० ते २५.०२१ मध्ये कुठंही बसलं की माल पास. लिमिटचं गणित तसं सोडत नाही. समोरच्यानं टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, कितीही बारीक मागावा, एप्सिलॉन म्हणतात तो, आणि तुम्ही दरवेळी त्याला पुरे पडेल असं डेल्टा, म्हणजे एक्स किती जवळ ठेवायचा ते अंतर, काढून द्यावं. शेवटचा टॉलरन्स नाहीच. हे कुठलंही हत्यार करू शकत नाही, ते कागदावरच होतं.

याहून भारी किस्सा टेबलचा. (१ − कॉस एक्स) ÷ एक्स², एक्स शून्याकडं. उत्तर अर्धा, हे पुस्तकातच आहे. टेबलमध्ये ०.१ टाकलं, ०.४९९५८ आलं. ०.०१ ला ०.४९९९९६. उणे ०.१ आणि उणे ०.०१ लाही तेच. दोन्ही बाजू शिस्तीत अर्ध्याकडं चालल्यात. पोरीला हुरूप आला, तिनं एकदम ०.०००००००१ च्याही खाली जाऊन एक अब्जांश टाकला. उत्तर आलं शून्य. उणे एक अब्जांश टाकला, तिकडंही शून्य.

दोन्ही बाजू जुळतायत आणि दोन्ही खोट्या!

कारण साधं आहे. एक अब्जांशचा कॉस म्हणजे दशांश चिन्हापुढं अठरा वेळा नऊ आणि मग पाच. कॉम्प्युटर आकडा धरतो तो साधारण पंधरा-सोळा अंकांपर्यंत, त्यामुळं त्याच्या दृष्टीनं हा आकडा सरळ १. एकातनं एक गेला, शून्य राहिलं, त्याला कशानंही भागा. असं गणित करणारं कुठलंही यंत्र इथं फसणार, एकट्या या ॲपचा प्रश्न नाही. आता गंमत बघा. वरचं (१ − कॉस एक्स) काढून तिथं २ साइन² (एक्स/२) लिहिलं, जे पुस्तकात पहिल्याच पायरीला करतात, तर त्याच एक अब्जांशला टेबल मुकाट्यानं ०.५ दाखवतं. पोरीला ती पायरी म्हणजे मास्तरांची खोड वाटायची. मशीनलाही तीच लागते म्हटल्यावर तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

झिरो एररही आहे, पण ती आपल्याच हातात असते. ॲप सुरुवातीला कोन रेडियनमध्ये मोजतं, ते बरोबर आहे. कुणी सेटिंगमध्ये जाऊन डिग्री करून ठेवलं, तर साइन एक्स भागिले एक्स शून्यापाशी १ कडं न जाता ०.०१७४५ कडं जातं, म्हणजे पाय (π) भागिले १८०. दोन्ही बाजूंनी, अगदी छान, गुळगुळीत. बघून अजिबात शंका येत नाही. घरातला मोबाइल सगळ्यांच्या हातात फिरत असेल तर आधी पान्याचं चिन्ह दाबून तेवढं बघून घ्यायचं.

एकतर्फी लिमिटसाठी आणखी दोन ग्राफ जरूर काढा. एक, वर्गमूळ (एक्स − ३). ३ च्या डावीकडं पडदा कोरा. तिथनं यायला वाटच नाही, कारण डोमेनच नाही, म्हणजे तिथं किंमतच निघत नाही. जे काही आहे ते उजवीकडनं. दुसरा, ई चा घात १/एक्स. हा माझा आवडता. उजवीकडनं ०.१ ला किंमत २२,०२६ आणि पुढं आकाशात. डावीकडनं उणे ०.१ ला ०.००००४५, म्हणजे जमिनीला चिकटलेलं. मधे फक्त शून्य, आणि त्याच्या एका बाजूला शून्य लिमिट, दुसऱ्या बाजूला इन्फिनिटी. हा ग्राफ बघितल्यावर 'दोनदा कशाला काढायचं' हा प्रश्न आमच्या घरात परत निघाला नाही. साइन (१/एक्स) पण बघा, पण शून्यापाशी पडद्यावर नुसता रंगाचा ठोकळा दिसतो. किंमत कुठल्याच बाजूनं एका जागी टिकत नाही एवढं कळलं तरी पुरे.

डेसमॉस तुम्हाला लिमिट काढून देत नाही. तशी कमांडच नाही. ती पाहिजे असेल तर जिओजेब्रा आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गला सुरू केलेलं, तेही फुकट. त्यात लिमिट, लिमिट अबव्ह आणि लिमिट बिलो अशा तीन वेगळ्या कमांड आहेत. सूत्र द्या, आकडा द्या, उजवी किंवा डावी लिमिट तयार. उत्तर ताडून बघायला फर्स्ट क्लास. पण शिकणाऱ्या पोराच्या हातात मी ते आधी देणार नाही. तयार उत्तर मिळालं की ठिपका कोण ओढत बसणार?

किरकोळ गोष्टी. मोबाइल ॲप नेट नसतानाही चालतं, त्यामुळं डेटा संपला हे कारण पोरांना देता येत नाही. ग्राफ काढायला लॉगिन लागत नाही, सेव्ह करायला लागतं. आम्ही स्क्रीनशॉट काढून मोकळे होतो. छोट्या पडद्यावर महिरपी कंस आणि अटी टाइप करायचा वैताग आहे. घरी लॅपटॉप असेल तर ब्राउझरमध्ये उघडा, निम्मा ताप वाचेल. डेसमॉस २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, आणि तिकडच्या कॉलेज प्रवेशाच्या डिजिटल सॅट परीक्षेत हेच कॅल्क्युलेटर पेपरच्या आत दिलेलं असतं. इकडं बारावी बोर्डाच्या गणिताच्या पेपरला लॉगटेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही. जेईई मेनलाही नाही. म्हणून ज्यांना वाटतंय की ॲपवर सराव केला की मार्क आपोआप येतील, त्यांनी नाद सोडा. आधी वहीत डावी आणि उजवी लिमिट काढायची, मग ॲपवर बघायचं, आणि दोन्ही पटलं नाही तर चूक वहीत आहे की पडद्यावर, ते शोधायचं. आमच्याकडं बहुतेक वेळा वहीत निघते, पण कॉसच्या गणितात पडद्यावर निघाली, तेव्हापासनं पोरगी पडद्याशीही भांडायला लागलीय.

कापलेला एक मार्क याचसाठी. हे हत्यार स्वतःचा लीस्ट काउंट कुठं लिहीत नाही. व्हर्निअरच्या अंगावर ०.०२ कोरलेलं असतं. इथं ते तुम्हाला घरी बसून काढावं लागतं.

पुढचा धडा डेरिव्हेटिव्हचा आहे. |एक्स| चं डेरिव्हेटिव्ह या ॲपमध्ये थेट काढता येतं. मी टाकून बघितलं, शून्यापाशी तीच उणे एक आणि अधिक एकची उडी. पोरीला अजून दाखवलं नाही.